गीतसंग्रहाचे आवरण

(मंडळाच्या अकोट येथील वार्षिक स्नेहसंमेलनात विद्यार्थी-गुणगौरव प्रसंगी केलेले भाषण)



गुणगौरवाच्या प्रसंगी निवृत्त शिक्षक बोलावयास उभा राहिला की, श्रोते त्याचे भाषण मनातल्या मनात आधीच ऐकून टाकतात. अभ्यास करा, वडीलधाऱ्यांचा मान राखा, व्यसनापासून दूर राहा आणि ज्ञातीचे नाव उज्ज्वल करा. या चारही गोष्टी खऱ्या आहेत आणि आपण त्या दरवर्षी ऐकत आलो आहोत. म्हणून यंदा त्या गृहीत धरून मी एका लहानशा विषयावर बोलण्याची परवानगी मागतो. गाण्यांच्या संग्रहाचे सचित्र आवरण कसे करावे, हा तो विषय होय.

हा विषय मला आपल्याच मुलांनी दिला आहे. महाविद्यालयात जनसंवादाचा अभ्यासक्रम शिकणाऱ्या आपल्या काही मुलामुलींना परीक्षेचा भाग म्हणून एक प्रकल्प करावयाचा होता. त्यांनी भुलाबाईची गाणी निवडली. अकोटात व आसपासच्या खेड्यांत वृद्ध स्त्रियांच्या घरी जाऊन त्यांनी ती ध्वनिमुद्रित केली, आणि त्यांतील निवडक बारा गाण्यांचा संग्रह सिद्ध केला. आता त्यास आवरण हवे. म्हणजे पुढे चित्र, मागे गाण्यांची यादी आणि आत एक छोटी पुस्तिका. ते काम घेऊन ही मुले मजकडे आली. मी काही शिकलेला चित्रकार नव्हे. मॅट्रिक होऊन शिक्षक झालो, आणि शाळेत फळ्यावरील सुविचारापासून हस्तलिखित मासिकाच्या मुखपृष्ठापर्यंत जे जे रंगवावे लागले ते ते रंगवीत आलो. तेवढ्या अधिकारावर मी त्यांच्याशी जे बोललो, तेच आज आपणापुढे थोडे व्यवस्थित मांडीत आहे. कारण बोलता बोलता असे ध्यानात आले की, हा प्रश्न केवळ मुलांच्या गुणपत्रिकेचा नाही. तो आपल्या प्रत्येक घराचा आहे.

प्रथम आवरण म्हणजे काय ते पाहू. आपल्या वऱ्हाडातील भगिनींना हे समजावून सांगण्याची गरज नाही. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते. ज्वारीच्या ताटांच्या मखरात भुलोजी व भुलाबाई यांच्या मातीच्या मूर्ती मांडल्या जातात, टिपऱ्यांच्या तालावर गाणी होतात, आणि शेवटी खिरापत ओळखण्याचा खेळ रंगतो. डबा झाकलेला असतो. मुली विचारतात, गोड की तिखट? ओले की कोरडे? डबा हलवून आवाजावरून अंदाज बांधतात. झाकण उघडल्यावर पदार्थ निघतो तो त्या आवाजाशी जुळणारा असला म्हणजे सर्वांना आनंद होतो. आवरणाचे काम हेच. ते आतील पदार्थ झाकते, तरी त्याची चाहूल देते. सगळेच सांगून टाकणारे आवरण नीरस होते, आणि भलतेच सांगणारे आवरण फसवे होते. ‘दिसते तसे नसते म्हणून जग फसते’ ही म्हण आपल्या लोकांनी उगीच केलेली नाही.

गाण्याला आवरण मिळाले ही गोष्ट तशी अलीकडची आहे. इंग्लंडच्या ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आले आणि १९०२ च्या नोव्हेंबर महिन्यात त्यांनी गौहरजान या विख्यात गायिकेचे गाणे मुद्रित केले. त्या काळी तबकड्या येथे तयार होत नसत. मूळ मुद्रण जर्मनीतील हॅनोव्हर येथे जाई आणि तेथील कारखान्यात तबकड्या दाबल्या जात. तेथील कारागिरांना हिंदुस्थानी भाषा कळणार कशी आणि कोणते गाणे कोणाचे हे समजणार कसे? म्हणून गाणारीने गाणे संपताच स्वतःचे नाव इंग्रजीत मोठ्याने उच्चारावे, अशी रीत पडली. त्या जुन्या तबकड्या आजही ऐकावयास मिळतात, आणि तीन मिनिटांच्या गाण्याअखेर ती बाई आपले नाव ठणकावून सांगते. विद्यार्थिमित्रांनो, ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. तिच्याकडे मला पुढे यावयाचे आहे.

पुढे १९०८ मध्ये कलकत्त्याच्या सियालदह भागात तबकड्यांचा कारखाना निघाला. तथापि, तबकडीचे वस्त्र साधेच राहिले. भुऱ्या कागदाचे एक पाकीट, आणि मधोमध गोल छिद्र, की ज्यातून तबकडीवरील चिठ्ठी वाचता यावी. बहुतेक पाकिटांवर कंपनीची जाहिरात असे. फ्रान्सिस बॅरॉ या इंग्रज चित्रकाराने रंगविलेला, कर्ण्यासमोर कान देऊन बसलेला तो कुत्रा आपल्यापैकी वडील मंडळींना आठवत असेल. एकच कुत्रा भजनाच्या तबकडीवर, नाट्यपदाच्या तबकडीवर आणि लावणीच्याही तबकडीवर! आत काय आहे याच्याशी त्या चित्राचा संबंध नव्हता. ते चित्र कंपनीचे होते, गाण्याचे नव्हे.

याच साध्या पाकिटांतून आपल्या वऱ्हाडचा एक आवाज महाराष्ट्रभर गेला, हे येथे सांगितले पाहिजे. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता नागपूरचे गायक गजाननराव नव्हे, तर ज्यांना सारे जी. एन. जोशी म्हणून ओळखतात, त्यांनी १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत गायिली आणि ती तबकडी घरोघर पोहोचली. मराठी भावगीताच्या इतिहासात तिचे स्थान मोठे आहे. जोशी हे पुढे त्याच कंपनीत अधिकारी झाले आणि अनेक थोर गवयांचे गाणे त्यांनी मुद्रित करून ठेवले. ना. घ. देशपांडे यांचा ‘शीळ’ हा काव्यसंग्रह १९५४ मध्ये निघाला. म्हणजे वऱ्हाडातील त्या कवितेला प्रथम तबकडी लाभली आणि मग पुस्तक. ज्या मातीतून असे गाणे निघाले, त्या मातीतील भुलाबाईच्या गाण्यांनी आवरणावाचून का राहावे?

‘अल्बम’ हा शब्द आपण आज सहज वापरतो. परंतु त्याचा मूळ अर्थ चिकटवही असा आहे. एका तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटेच गाणे मावत असल्यामुळे मोठी रचना चार-पाच तबकड्यांवर उतरवावी लागे. त्या तबकड्यांची पाकिटे फोटोंच्या वहीप्रमाणे एकत्र बांधीत, म्हणून त्या गठ्ठ्यास अल्बम म्हणू लागले. त्यावर करडा पुठ्ठा आणि नावाची अक्षरे, एवढाच थाट असे. दुकानदार त्यांना थडग्याचे दगड म्हणत. १९४० मध्ये अमेरिकेतील कोलंबिया कंपनीत अलेक्स स्टाइनवाइस या अवघ्या तेवीस वर्षांच्या तरुणाने या पुठ्ठ्यावर चित्र काढण्याची कल्पना मांडली आणि ती अमलात आणली. आतील संगीत ऐकून त्याला शोभेल असे चित्र पुठ्ठ्यावर यावे, ही आज साधी वाटणारी गोष्ट तेव्हा नवी होती. १९४८ मध्ये त्याच कंपनीने दीर्घ वादनाची तबकडी आणली, आणि बारा इंच लांबीरुंदीचे मोकळे मैदान चित्रकाराच्या हाती आले. १९६७ मध्ये इंग्लंडातील बीटल्स या गायकसमूहाने आपल्या एका संग्रहाच्या मागील बाजूस गाण्यांचे शब्दच छापले. ऐकणाऱ्याने वाचावेही, हा त्यातील हेतू.

मग मैदान आकुंचित होत गेले. १९६३ मध्ये फिलिप्स कंपनीची कॅसेट आली. तिचे आवरण तळहाताएवढे. १९८२ पासून सीडी आली. तिची पुस्तिका बारा सेंटिमीटरची. आता गाणे भ्रमणध्वनीवर ऐकतात आणि तेथे ते चित्र बोटाच्या पेराएवढे दिसते. या तिन्ही आकारांचे भान आमच्या विद्यार्थ्यांना ठेवावे लागणार आहे, कारण त्यांचा संग्रह सीडीच्या वेष्टणातही जाणार आणि महाजालावरही.

आपल्या मराठी मुलखात वस्तूला चित्राचे वस्त्र चढविण्याची परंपरा लहान नाही. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना काढला आणि देवदेवतांची रंगीत चित्रे गरिबाच्या भिंतीवरही लागली. कापडाच्या ठाणांवर गिरण्या तशीच रंगीत चिठ्ठी चिकटवीत असत. आपल्या वऱ्हाडातून कापूस गाठींनी जाई आणि कापड होऊन परत येई, ते लक्ष्मी, हत्ती किंवा मोर यांचे चित्र कपाळी लावून. निरक्षर गिऱ्हाईक त्या चित्रावरून माल ओळखी. चित्र हीच त्याची अक्षरओळख होती.

पुस्तके व मासिके यांच्या मुखपृष्ठांचा विचार केला, तर दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर ही दोन नावे कोणत्याही मराठी घरात परकी नाहीत. दोघेही गोमंतकाचे सुपुत्र. दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ सुरू केला; मुळगावकरांच्या फवाऱ्याने रंगविलेल्या देवदेवता दिवाळी अंकांतून आणि दिनदर्शिकांतून घरोघर गेल्या. द. ग. गोडसे यांनी याहून निराळी वाट धरली. मोजक्या रेषांत, मोजक्या रंगांत, ग्रंथाचा आशय सुचवावा, अशी त्यांची मुखपृष्ठे असत. अक्षरांच्या बाबतीत कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींतील नावे अशी घडविली की, नुसत्या अक्षरांच्या वळणावरून नाटकाची जात कळावी. ते २०२० मध्ये निवर्तले. र. कृ. जोशी यांनी देवनागरीचा सुलेखक म्हणून आयुष्य वेचले, आणि संगणकावर आपण जे ‘मंगल’ नावाचे अक्षर वापरतो ते त्यांचेच. हे सांगण्याचे कारण असे की, आमच्या मुलांनी पाश्चात्त्य नमुने अवश्य पाहावेत. परंतु घरच्या श्रीमंतीकडे पाठ फिरवून शेजाऱ्याकडे उसने मागावयास जाऊ नये.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. मुलांनी मला प्रथम जे चित्र दाखविले, ते संगणकास वाक्ये सांगून करवून घेतलेले होते. चित्र फार देखणे होते. एक तरुण स्त्री, अंगावर भरजरी साडी, हातात दिवा, मागे पूर्ण चंद्र. मी विचारले, ही कोण? मुले म्हणाली, भुलाबाईची गाणी गाणारी. मी म्हणालो, तुम्ही ज्या बारा घरी गेलात, त्यांपैकी कोणत्या घरी ही भेटली? मुले हसू लागली. हसण्यासारखीच गोष्ट होती. गाणाऱ्या बाया सत्तरी ओलांडलेल्या, सुती लुगड्यातल्या. त्यांच्या हातात दिवा नव्हता, टिपरी होती. ज्वारीचे ताट त्या चित्रात कोठेही नव्हते. संगणकाने जगातील लक्षावधी चित्रे पाहिली असतील, पण त्याने अकोटातील ओसरी पाहिलेली नाही. ती तुम्ही पाहिली आहे. मग चित्र काढण्याचा अधिकार अधिक कोणाचा?

दुसरा नमुना एका मुलाने स्वतः काढला होता. त्यात नरनाळा किल्ल्याचा महाकाली दरवाजा होता. रेखाटन उत्तम. १४८७ मध्ये उभारलेला तो दरवाजा, त्यावरील कोरीव लेख आणि कमळे, हे आपल्या तालुक्याचे वैभव आहे, यात शंका नाही. परंतु गाणी आहेत सासुरवाशिणीची, माहेरच्या वाटेची, कारल्याच्या वेलाची आणि रुसव्याफुगव्याची. त्यांत किल्ला कोठून आला? केवळ गावाची खूण म्हणून एखादी सुंदर वस्तू चित्रात बसविली की, पाहणाराला वाटते आत पोवाडे आहेत. स्थानिक असणे वेगळे आणि समर्पक असणे वेगळे.

तेव्हा मी त्यांना पहिली गोष्ट सांगितली ती अशी की, आठ दिवस पेन्सिल हाती धरू नका. बाराही गाणी पुन्हा पुन्हा ऐका, आणि प्रत्येक गाणे ऐकताना डोळ्यांपुढे जी वस्तू येईल तिचे नाव कागदावर लिहा. त्यांनी यादी केली. त्या यादीत वेल, पाळणा, टोपली, जाते, बांगड्या आणि झाकलेला डबा या वस्तू वरचेवर आल्या. दुसरी गोष्ट, या सर्व वस्तू एकाच चित्रात कोंबू नका; एक मुख्य धरा आणि इतरांना पुस्तिकेच्या पानांत जागा द्या. तिसरी गोष्ट, ती वस्तू प्रत्यक्ष समोर ठेवून रेखाटा. स्मरणाने काढलेले ज्वारीचे कणीस आणि शेतातून आणून समोर ठेवलेले कणीस यांत फार अंतर असते. आपल्या गावच्या सतरंज्या एके काळी दूरवर नावाजलेल्या होत्या. त्यांच्या पट्ट्यांची रचना, दोन गडद पट्ट्यांमध्ये एक फिकी रेघ सोडण्याची पद्धत, ही चौकटीला किती सुरेख शोभेल! गाणी ज्या सतरंजीवर बसून ऐकली, तिचीच किनार चित्राला लागली, तर ती चिकटविलेली खूण राहत नाही. ती त्या प्रसंगाचा भाग होते.

चौथी गोष्ट अक्षरांची. आपली देवनागरी शिरोरेखेने बांधलेली आहे आणि तिच्या वर-खाली मात्रा-उकारांचा पसारा असतो. रोमन लिपीसाठी सोडलेल्या जागेत ती कोंबली, तर वरची वेलांटी कापली जाते वा खालचा उकार चित्रात बुडतो. संगणकाची काही साधने देवनागरी नीट जुळवीत नाहीत. ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरापुढे जाऊन बसते आणि जोडाक्षरे फुटतात. म्हणून छापण्यास देण्यापूर्वी एका मराठी जाणत्याने प्रत्येक अक्षर बोट ठेवून वाचावे. मुख्य नाव शक्य तर हातानेच लिहावे. फळ्यावर सुविचार लिहिणारे हात आपल्या प्रत्येक शाळेत आहेत. त्यांचा उपयोग करा.

पाचवी गोष्ट आकार व रंग यांची. चित्र तयार झाले की, ते लहान करून दहा हातांवरून पाहा. मुख्य वस्तू ओळखू आली आणि नाव वाचता आले, तर भ्रमणध्वनीच्या पडद्यावरही ते टिकेल. चौरस चित्र तीन हजार पिक्सेल लांबीरुंदीचे केले, तर महाजालासही पुरते आणि सीडीच्या बारा सेंटिमीटरच्या आवरणासही. कारण इंचास तीनशे ठिपके या हिशेबाने छपाईला तेथे सुमारे चौदाशे वीस ठिपकेच लागतात. पडद्यावरचे रंग प्रकाशाचे असतात, कागदावरचे शाईचे. निळसर, किरमिजी, पिवळी व काळी या चार शायांतून पडद्यावरील लखलखीत हिरवा किंवा नारिंगी जसाच्या तसा उतरत नाही. म्हणून सर्व प्रती काढण्यापूर्वी एक नमुनाप्रत काढून ती दिवसाच्या उजेडात पाहावी. कापताना पाते इकडेतिकडे सरकते, यासाठी चित्र कडेबाहेर तीन मिलिमीटर वाढवावे आणि कोणतेही अक्षर कडेला चिकटवू नये. या गोष्टी क्षुल्लक वाटतात, पण चांगल्या चित्राचा घात याच करतात.

सहावी गोष्ट प्रामाणिकपणाची. महाजालावर चित्र सापडले म्हणजे ते बेवारशी झाले, असे नव्हे. आपल्या देशाच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या चित्रावरील हक्क सामान्यतः त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो. राजा रविवर्मा १९०६ मध्ये वारले; त्यांची चित्रे आज सर्वांना मोकळी आहेत. दलाल १९७१ मध्ये आणि मुळगावकर १९७६ मध्ये गेले. त्यांच्या चित्रांविषयी तसे म्हणता येत नाही. परवानगी मागावी, किंवा स्वतः काढावे. विद्यार्थ्याने दुसऱ्या मार्गाने जावे हे बरे, कारण त्यात तो काही शिकतो.

येथवर चित्राचे झाले. आता मला खरे जे सांगावयाचे आहे त्याकडे येतो.

मुलांनी मागील बाजूचा जो मजकूर लिहून आणला होता, त्यात बारा गाण्यांची नावे होती. संकल्पना, ध्वनिमुद्रण, संकलन, चित्र, मार्गदर्शन, विशेष आभार, अशी सहा शीर्षके होती आणि त्यांखाली सोळा नावे होती. गाणाऱ्यांच्या जागी मात्र एकच शब्द होता, ‘पारंपरिक’. ज्या बायांनी चष्मा लावून, खोकला आवरून, विसरलेले कडवे शेजारणीला विचारून ही गाणी दिली, त्यांपैकी एकीचेही नाव तेथे नव्हते.

मुलांच्या मनात वाईट काही नव्हते. त्यांनी नावे विचारली होती, पण बायांनीच संकोच केला. एक आजी म्हणाल्या, “पोरी हो, माह्यं नाव कायले छापता? गाणं त साऱ्याइचं हाये.” त्यांचे म्हणणे खोटे नाही. ते गाणे कोणा एकीचे नाही. आणि आपण हेही मोकळेपणाने सांगितले पाहिजे की, ते कोणा एका ज्ञातीचेही नाही. एकाच अंगणात अनेक जातींच्या मुलींनी फेर धरला आणि गाणी एकीकडून दुसरीकडे गेली. म्हणून आवरणावर ‘आमच्या ज्ञातीची गाणी’ असे लिहू नये, असे मी सांगितले आणि मुलांनी ते मान्य केले. परंतु गाणे सर्वांचे असले, तरी ते गाणारा कंठ एकीचाच असतो. कोणत्या कडव्यावर थांबावे, कोठे सूर चढवावा आणि सासूच्या नावापुढे किंचित हसावे, हे त्या एकीचे असते. कायद्यानेही हे मानले आहे. १९९४ च्या दुरुस्तीने गाणाऱ्या-वाजविणाऱ्या कलावंताचा हक्क आपल्या कायद्यात नव्याने सिद्ध झाला, आणि २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या कलेस आपले नाव लागावे हा हक्कही त्यास मिळाला. गाणे परंपरेचे असले तरी हा हक्क बुडत नाही.

हॅनोव्हरच्या कारागिरांसाठी स्वतःचे नाव स्वतःच पुकारणाऱ्या त्या गायिकेची गोष्ट मी याकरिताच सांगितली. तिचा आवाज समुद्रापार जाणार होता आणि नावावाचून तो कोणाचा हे कळणार नव्हते. आमच्या आजींचा आवाजही दूर जाणार आहे. स्थळाने नव्हे, तर काळाने. पन्नास वर्षांनी जी पणती हे गाणे ऐकेल, ती हॅनोव्हरच्या कारागिराइतकीच परकी असेल. तिला चित्र आवडेल, गाणे आवडेल, आणि ही आपलीच पणजी गात आहे हे मात्र तिला कळणार नाही. यापरते दुर्दैव कोणते?

मी मुलांना पुन्हा त्या बारा घरी पाठविले. विचारावयाचे प्रश्न तीन. नाव छापावे काय? छापावयाचे तर कसे छापावे? आणि फोटो लावला तर चालेल काय? उत्तरे ऐकण्यासारखी आली. नऊ जणींनी नावास संमती दिली. दोघींनी सांगितले की, आडनाव सासरचे लिहा, पण गाणे माहेरचे आहे म्हणून माहेरच्या गावाचेही नाव लिहा. एकीने आपले लग्नापूर्वीचे नाव सांगितले. ते नाव घरातील नातवंडांनी पहिल्यांदाच ऐकले. एका घरी मुलगा नाराज झाला. आईचे नाव व चित्र महाजालावर कशाला, असे त्याचे म्हणणे पडले. मुलांनी वाद घातला नाही. त्यांनी आईला तिचे गाणे ऐकवून दाखविले, मुलालाही बसवून ऐकविले, आणि निर्णय आईवर सोपविला. आईने फोटोस नकार दिला आणि नावास होकार दिला. उरलेल्या तिघींनी नाव नको म्हटले. त्यांच्या गाण्यापुढे गावाचे नाव व वय एवढेच येईल. नाव देणे हा जसा त्यांचा अधिकार, तसा न देणे हाही त्यांचाच अधिकार होय. फोटो कोणाचाच न लावता मुखपृष्ठावर झाकलेला डबा व ज्वारीची ताटे, आणि आतील पानांवर टिपरी धरलेल्या हातांची रेखाटने, असे शेवटी ठरले. हे हात समोर बसवून रेखाटलेले आहेत. बांगड्या, सुरकुत्या, आणि एका बोटाला शेतात विळ्याने झालेली जुनी खूणही त्यांत आहे. भरजरी साडीतल्या त्या तरुणीपेक्षा हे चित्र मला अधिक सुंदर वाटते.

ज्ञातिबांधवहो, राग मानणार नसाल, तर याच धाग्याने एक गोष्ट आपल्या घरची बोलतो. आपली स्मरणिका दरवर्षी निघते. तीत कुटुंबांची यादी असते. कुटुंबप्रमुखाचे नाव, शिक्षण, व्यवसाय, मुलगे, मुलींची संख्या. गृहिणीच्या जागी पुष्कळ ठिकाणी ‘सौ.’ एवढे लिहून आडनाव येते, आणि काही ठिकाणी तेही नाही. वंशावळीत सात पिढ्यांचे पुरुष सापडतात. त्यांच्या आया सापडत नाहीत. यात कोणा एकाचा दोष नाही; रीत तशी पडली आहे. पण स्मरणिका हेही एक आवरणच आहे. आपल्या समाजाच्या आत काय आहे, याची चाहूल परक्याला आणि पुढच्या पिढीला तीवरून लागते. त्या आवरणावर निम्म्या माणसांची नावे नसतील, तर ते सत्य सांगते असे कसे म्हणावे?

म्हणून मी मंडळापुढे तीन नम्र सूचना ठेवतो. पहिली, पुढील स्मरणिकेच्या यादीत प्रत्येक विवाहित स्त्रीचे स्वतःचे नाव, आणि तिची इच्छा असेल तर माहेरचे नाव व गाव, छापावे. त्यासाठी कोष्टकात एक रकाना वाढवावा लागेल, याहून अधिक खर्च नाही. दुसरी, या विद्यार्थ्यांच्या संग्रहाच्या प्रती मंडळाने घ्याव्यात आणि गाणाऱ्या बाराही जणींच्या घरी एकेक प्रत प्रथम पोहोचवावी; विक्री वा प्रसिद्धी त्यानंतर. तिसरी, दरवर्षी एका विद्यार्थ्याने वा विद्यार्थिनीने असे एखादे काम हाती घ्यावे. कोणी जात्यावरच्या ओव्या घ्याव्यात, कोणी सतरंजी विणणाऱ्यांच्या आठवणी, कोणी जुन्या लग्नपत्रिका. मंडळाने त्यास छपाईपुरती मदत करावी. गुणपत्रिकेवरील टक्क्यांचा गौरव आपण करतोच. अशा कामाचाही एक गौरव असावा.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी काहीजण उद्या पुण्या-मुंबईस जाल, जाहिरातीच्या वा चित्रपटाच्या धंद्यात शिराल. तेथे तुम्हांस मोठी साधने व मोठी माणसे लाभतील. तेथील कसब मनसोक्त शिका. मात्र कोणत्याही वस्तूचे आवरण करावयास बसाल, तेव्हा दोन प्रश्न स्वतःस विचारा. मी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे काय? आणि ज्यांच्यामुळे ही वस्तू झाली, त्यांची नावे येथे आहेत काय? या दोन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असली, तर तुमच्या कामात उणीव राहिली तरी खोटेपणा राहणार नाही.

तुम्हां सर्वांस यश लाभो, आणि ज्यांच्या कंठातून ही गाणी आली त्या माताभगिनींस निरामय दीर्घायुष्य लाभो, अशी श्रीनरसिंग महाराजांच्या चरणी प्रार्थना करून मी माझे भाषण पुरे करतो.